गव्हाचा चीक, साबुदाणा आणि बांबूची टोपली

मुंबईला गेले होते तेव्हा भाचीने हौसेने एका चिनी हॉटेलात नेलं. टेबलावर बांबूची गोल टोपली आली. झाकण काढलं, वाफेचा लोट वर गेला आणि आत चार चिमुकल्या करंज्या दिसल्या. करंज्या म्हणायच्या त्या आकारामुळे. कडेला मात्र मुरड नव्हती, मोदकासारख्या बारीक बारीक चुण्या होत्या. आणि पारी अशी, की आतला मक्याचा दाणा न् दाणा बाहेरून मोजता यावा. मेनूवर नाव होतं ‘क्रिस्टल डम्पलिंग’. एक तोंडात टाकली. गुळगुळीत, जराशी चिवट, दाताला हलकेच परत ढकलणारी. जिभेने आधी ओळखलं, नाव आठवायला क्षणभर लागला. अगं, हा तर कुरडईचा चीक!

आमच्या हदगावात चैत्र-वैशाखात कुरडया होतात. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं. मग वाटून, फडक्यातून पिळून पांढरं दूध काढायचं. रात्रभरात पाणी वर निवळतं आणि तळाशी घट्ट थर बसतो. सकाळी वरचं आंबूस पाणी ओतून टाकायचं, पातेल्यात आधण ठेवायचं, त्यात मीठ घालायचं आणि एका हाताने चीक ओतत दुसऱ्या हाताने घाटत राहायचं. लहानपणी मी चुलीशेजारी फक्त एक क्षण बघायला बसायची. खडूसारखा पांढराफेक चीक घाटता घाटता एकाएकी चकाकायला लागतो, त्याच्या आरपार दिसायला लागतं. आई वाटीत काढून वर तूप सोडायची. तो क्षण मला तेव्हाही जादूचा वाटायचा. आता त्याचं कारण कळलंय, तर तो आणखीच जादूचा वाटतो.

तळाशी बसणारा तो थर म्हणजे गव्हातला जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्याचा एकेक कण म्हणजे घट्ट रचलेली पुडी. कच्चेपणी प्रकाश अशा असंख्य कणांच्या कडांवर आपटतो, चहूकडे विखुरतो, म्हणून चीक पांढरा दिसतो. पाणी साधारण ६० अंशांच्या पुढे तापलं की कण पाणी पिऊन फुगायला लागतात, आतली रचना मोडते, कडा एकमेकींत विरतात. प्रकाशाला आपटायला फारसं काही उरत नाही. तो पार निघून जातो. साबुदाण्याची खिचडी परतताना पांढरा दाणा काचेच्या मण्यासारखा होतो, त्यामागेही हेच आहे.

आणि साबुदाण्याचं नाव उगाच घेतलं नाही. दक्षिण चीनच्या ग्वांगजौ भागात या करंजीला ‘हा गाउ’ म्हणतात, मूळची कोळंबीची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या एका चहाघरात ती जन्मली असं सांगतात. तिच्या पारीत दोनच मुख्य पिठं असतात. एक गव्हाचा स्टार्च, म्हणजे वाळवलेला चीकच. दुसरं टॅपिओकाचं, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याच कंदाचं. पहिल्याने नितळपणा येतो, दुसऱ्याने ताण. त्यावर उकळतं पाणी ओतून उकड काढतात, थोडं तेल लावून मळतात. आमच्या गच्चीवर एकीकडे कुरडया आणि दुसरीकडे साबुदाण्याच्या पापड्या वाळत असायच्या. हा गाउची सगळी पारी त्या एका गच्चीवर पसरलेली होती!

पण हे पीठ लाटायला जा, पोळीसारखं ऐकत नाही. पोळीची कणीक ताणली जाते ती ग्लुटेन या चिवट प्रथिनाच्या जाळ्यामुळे, आणि तेच तर इथे धुऊन काढलेलं. म्हणून कारागीर रुंद पात्याच्या सुऱ्याला तेल लावतो, गोळीवर पातं आडवं दाबून फिरवतो आणि पातळ चकती उचलतो. लगेच सारण, लगेच चुण्या. थांबलं की स्टार्च गार होऊन ताठरतो, चिरतो. चीक गरम आहे तोवरच सोऱ्यात भरा, म्हणून आई आम्हाला का घाई करायची, ते मला त्या टेबलावर बसून उमगलं.

वाफेचं तर काय सांगावं! एक ग्रॅम पाणी शून्यापासून उकळीपर्यंत न्यायला १०० कॅलरी लागतात. तीच एक ग्रॅम वाफ गार वस्तूवर बसून पाणी होते तेव्हा सुमारे ५४० सोडते. म्हणून नाजूक पारी काही मिनिटांत शिजते. बांबूचं विणलेलं झाकण वाफ थोडी बाहेर सोडतं, थोडी पिऊन घेतं, त्यामुळे पदार्थावर थेंब टपकत नाहीत. नागपंचमीला आपल्याकडे चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरणाचे दिंड चाळणीत उकडतात. तेव्हा पत्र्याच्या झाकणाखाली फडकं बांधतात ना, ते याचसाठी. आपण वर्षातून एकदा करतो ते ग्वांगजौकडे रोज सकाळी चालतं.

त्या सकाळच्या खाण्याला ते ‘यम चा’ म्हणतात, म्हणजे चहा पिणे. टोपल्यांतले पदार्थ, ज्यांना ‘डिम सम’ म्हणतात, ते चहासोबतचे. आणि हा ‘चा’ आपल्याच ‘चहा’चा सख्खा भाऊ. चीनमध्येच या पानाला दोन उच्चार होते. फुजियानच्या किनाऱ्यावरचा ‘ते’ डच जहाजांतून युरोपात गेला आणि पुढे इंग्रजांचा ‘टी’ झाला. ‘चा’ खुश्कीने इराणकडे गेला, मकाववरून पोर्तुगीजांनीही तोच उचलला. आपल्या तोंडी ‘चा’ आला. हदगावच्या बसस्टँडवर “दोन चा दे” म्हणणारा माणूस ग्वांगजौमध्ये निदान एका शब्दापुरता परका नाही.

रात्री आईला फोन करून सगळं सांगितलं. तिला पारदर्शक पारीचं नवल वाटलं नाही. चीक तसाच होतो, म्हणाली. तिने विचारलं ते वेगळंच.

“मंग चोथ्याचं काय करतेत?”

आमच्याकडे चोथा गुरांना जातो. तिथे कणीक पाण्यात धूत राहतात. स्टार्च पाण्याबरोबर निघून खाली बसतो आणि हातात ग्लुटेनचा रबरासारखा गोळा उरतो. त्याला ‘म्येनजिन’ म्हणतात. मांस वर्ज्य केलेल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकात तो शतकानुशतकं शिजतोय, रस्सा पोटात मुरवून घेतो आणि मांसासारखा चावावा लागतो.

आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “औंदा कुरडया करू तव्हा मूठभर कणीक धुऊन बघू. तू ये.”