शस्त्रवैद्याची उमेदवारी

शस्त्रवैद्य घडतो कसा, हे एकदा ध्यानात घ्या, म्हणजे पुढची हकीकत समजायला सोपी जाईल. वैद्यकीची पदवी अभ्यास करून मिळते. परंतु शस्त्रक्रिया काही पुस्तकात शिकता येत नाही. पदवीनंतर चार-पाच वर्षं एखाद्या मोठ्या इस्पितळात जाणत्या सर्जनच्या शेजारी उभं राहून उमेदवारी करावी लागते. आणि तुम्हांला शेजारी उभं करायचं की नाही, हे बरंचसं त्याच्या मर्जीवर! परीक्षेत नापास करायचं तर मार्क दाखवावे लागतात. इथे ‘जागा नाही’ म्हटलं की भागतं.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची वाट नेमकी इथेच अडली. गोऱ्यांच्या बहुतेक इस्पितळांत त्यांना उमेदवारी मिळत नसे. म्हणून १८९१ साली डॅनियल हेल विल्यम्स यांनी शिकागोत प्रॉव्हिडंट नावाचं इस्पितळच काढलं. दोन वर्षांनी तिथेच त्यांनी सुरीने भोसकलेल्या एका माणसाची छाती उघडून हृदयावरचं आवरण शिवलं, आणि तो माणूस जगला.

चार्ल्स ड्रू यांची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. रक्तद्रव टिकवून दूरवर पाठवण्याच्या विद्येत त्यांचा हात धरणारे थोडेच. १९४० साली युद्धात होरपळणाऱ्या ब्रिटनसाठी ती सारी व्यवस्था त्यांनीच पाहिली. पण अमेरिकन रेडक्रॉसने प्रथम कृष्णवर्णीयांचं रक्त घेतलंच नाही, आणि पुढे घेतलं तेही वेगळं ठेवलं! ड्रू १९४१ साली हॉवर्ड विद्यापीठात शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले आणि विद्यार्थी घडवत राहिले. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सचं सदस्यत्व त्यांना मिळालं १९५१ साली. ते वारले होते १९५० साली.

हे पुरुषांचं झालं. स्त्रियांचं काय? आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या ज्या महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, तिथूनच रिबेका कोल ही कृष्णवर्णीय तरुणी १८६७ साली पदवी घेऊन बाहेर पडली होती. पदवीचं दार असं लवकर उघडलं. पण सर्जन्स कॉलेजात पहिली कृष्णवर्णीय स्त्री, हेलन डिकन्स, पोचली ती १९५० साली. मधली वर्षं कुठे गेली, हे डोरोथी ब्राउन यांच्याकडे पाहिलं की कळतं.

ही मुलगी ट्रॉय गावच्या अनाथालयात वाढली. परक्यांच्या घरी घरकाम करून शिकली, आणि १९४८ साली मेहॅरी महाविद्यालयातून डॉक्टर झाली. न्यूयॉर्कच्या हार्लेम इस्पितळात कृष्णवर्णीय सर्जन होते, म्हणजे रंगाची अडचण तिथे नसावी असं तुम्हांला वाटेल. पण तिथे बाईमाणूस म्हणून शस्त्रक्रियेची उमेदवारी नाकारली गेली. त्या मेहॅरीला परतल्या. बाईला हे कष्ट झेपायचे नाहीत, असं लोक सांगत असतानाही मॅथ्यू वॉकर यांनी त्यांना घेतलं. १९५४ साली उमेदवारी संपली, आणि १९५७ पासून नॅशव्हिलच्या रिव्हरसाइड इस्पितळात शस्त्रक्रिया विभागाच्या त्या प्रमुख होत्या. एक वॉकर भेटले म्हणून! न भेटलेल्यांची नावं कोणी लिहून ठेवलेली नाहीत.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने दारावरच्या पाट्या उतरल्या. मर्जीचा कारभार मात्र कायद्याच्या पकडीत सहज येत नाही. शिफारसपत्र कोण लिहितं, संशोधनाला पैसा कोणाला मिळतो, अवघड शस्त्रक्रियेला कोणाला सोबत घेतलं जातं, या गोष्टी खोलीच्या आतच ठरतात. २०२० साली प्रसिद्ध झालेली गणती पाहा: अमेरिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शस्त्रक्रियेचे १५,६७१ अध्यापक, त्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया १२३, आणि पूर्ण प्राध्यापकपदावर अवघ्या १०. विभागप्रमुख एकही नाही.

पुढच्याच वर्षी अँड्रिया हेज विभागप्रमुख झाल्या. तो विभाग हॉवर्डचा, ज्याच्या खुर्चीवर ऐंशी वर्षांपूर्वी ड्रू बसले होते.