पेन्शनर आणि दवाखान्याची वेस
केंद्र सरकारच्या चाकरीसाठी कोकणातून बाहेर पडलेला मनुष्य निवृत्त झाल्यावर गावी परतण्यास का कचरतो, याचे एक कारण भोपाळच्या अवधपुरीसारख्या उपनगरात उमगते. भोपाळात केंद्रीय आरोग्य योजनेची सोय आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तिचा दवाखाना नाही. मग आंबा-फणसाची ओढ कितीही असो, हृदयविकाराचा रुग्ण पिढीजात घराला कुलूप लावून परमुलखातच राहतो. त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

१९५४ साली दिल्लीत सुरू झालेली ही योजना पुढे अनेक शहरांत पोहोचली, पण शहरांतच थबकली. वेशीबाहेरच्या पेन्शनराला बाह्य उपचारांसाठी दरमहा ठरावीक भत्ता मिळतो. २०१७ साली तो ५०० रुपयांवरून १००० झाला. मधुमेह आणि रक्तदाब एकत्र नांदत असलेल्या घरी ही रक्कम महिनाअखेरपर्यंत पुरते, असे मानणाऱ्या अधिकाऱ्याने एकदा औषधांच्या दुकानात उभे राहून पाहावे.

शिवकांत झा या निवृत्त अधिकाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २०१८ रोजी स्पष्ट सांगितले, की रुग्णालय सरकारी यादीत नाही एवढ्याच कारणावरून खर्च नाकारता येणार नाही. उपचार खरोखर झाले की नाही, हे पाहावे. निकाल उत्तम! परंतु सत्तरीतल्या माणसाने आधी पदरचे लाखभर रुपये भरायचे आणि मग बिलांच्या चळती घेऊन कचेरीचे जिने चढायचे, हे त्याने थोडेच टळते? रत्नागिरीस एक आणि सावंतवाडीस एक दवाखाना सरकारने उघडावा, आणि तोवर भत्ता तरी औषधांच्या आजच्या किमतींनुसार ठरवावा.