किण्वपेशीतील विषनिवारण

अनेक सेंद्रिय विषांचे विघटन पेशीला करता येते. कॅडमियम मात्र मूलद्रव्य असल्यामुळे ते नष्ट करणे तिला अशक्य होय. मग किण्वपेशी आपला बचाव कसा करते? पेशीद्रवात ग्लुटाथायोनचे दोन रेणू आपल्या गंधकाच्या योगे कॅडमियमच्या एका आयनाला जखडतात. हे संयुग रिक्तिकेच्या पटलावरील वायसीएफ-१ नामक प्रथिन एटीपीची ऊर्जा खर्चून आत लोटते. या प्रथिनाचे जनुक १९९४ साली वर्णिले गेले. त्याचा अभाव असलेली पेशी कॅडमियमला लवकर बळी पडते. यावरून नुसते बंधन पुरेसे नाही, स्थलांतरही आवश्यक आहे, हे स्पष्ट होते. मानवी पेशीतील एमआरपी-१ हे याच कुळातील प्रथिन. कर्करोगाच्या पेशी त्याच्या साहाय्याने औषधेच बाहेर टाकतात. म्हणून किण्वाचा हा अभ्यास वैद्यकासही मोलाचा आहे.