हात जातो तिथं पकड

सकाळी साडेसात. न्हावऱ्यात चौफुल्याच्या रस्त्याला माझं वेल्डिंगचं दुकान. उसाचा हंगाम असला की शटर उघडायच्या आत दारात ट्रॅक्टर उभा असतो. शिरूरच्या रानातला ऊस दोन-दोन ट्रॉल्या भरून भीमा ओलांडतो आणि दौंड तालुक्यात पाटस-आलेगावच्या कारखान्यांकडे जातो. हुक, जू, ट्रॉलीचं फाळकं, जे तुटेल ते माझ्याकडे येतं. आजच्या ट्रॅक्टरचं मात्र काहीच तुटलेलं नव्हतं.

"दादा, काल रात्री कारखान्याच्या वजनकाट्याच्या रांगेत आमचा ड्रायव्हर पायदानावरून घसरला. नडगी सोलली," मालक म्हणाले. केबिन त्यांनी मागाहून बसवून घेतलेली. काच, पंखा, टेप सगळं होतं. चढताना धरायला काही नव्हतं.

आठ वाजले तरी मी मापाचा टेप काढला नाही. ड्रायव्हरला म्हटलं, "चार वेळा चढ-उतर कर, माझ्याकडं बघू नको." हात आपोआप कुठं जातो ते बघायचं असतं. डावा हात सरळ स्टिअरिंगवर गेला. कारखान्याच्या रांगेत इंजिन चालूच असतं. पॉवर स्टिअरिंगला लोंबकळलं की चाकं वळतात आणि धरलेला आधारच फिरतो. उजवा हात दाराच्या कडेला गेला, आणि दार तर हलतं. उतरताना गडी पाठ सीटकडे करून खाली उडी मारत होता. चपलेला काळ्या रानाचा चिखल. रांगेत नंबर सरकला की असं रात्रभर चढायचं-उतरायचं.

आमच्याच तालुक्यात सणसवाडीला जॉन डीअरचा ट्रॅक्टर कारखाना आहे. कंपनीतून केबिनसकट येणाऱ्या ट्रॅक्टरला दाराजवळ हातानं धरायच्या पकडी बसवलेल्या असतात. मागाहून केबिन चढवताना हेच राहून जातं, आणि राहिलेलं कुणाच्या लक्षातही येत नाही.

नऊ ते साडेअकरा खरं काम. पाऊण इंची पाइप घेतला. तो बाहेरून साधारण 27 मिलिमीटर भरतो. शेतीयंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकात पकडीची जाडी 25 ते 38 मिलिमीटर सांगितली आहे. बारीक सळई हाताला रुतते आणि जाड पाइपावर बोटं मिटत नाहीत, म्हणून हे माप. पकडीचं खालचं टोक जमिनीपासून दीड मीटरच्या आत घेतलं, म्हणजे खाली उभं राहूनच हात पोचतो. वरचं टोक इतकं वर, की सीटवर टेकेपर्यंत हात सोडायला नको. मागं हातमोज्यासकट मूठ जाईल एवढी मोकळी जागा. पाइपाची तोंडं बंद केली. उघड्या तोंडाला धार असते, शिवाय आत पाणी साचून पाइप सडतो.

मालक म्हणाले, "केबिनच्या खांबालाच टाके मारा की, दहा मिनिटांत होईल." मी नाही म्हटलं. ट्रॅक्टर उलटला तर ड्रायव्हरला वाचवायची ती या खांबांची चौकटच. तिला वेल्डिंगची धग दिली किंवा भोक पाडलं की ती कुठं कमजोर झाली ते डोळ्यांना दिसत नाही. शिवाय बॅटरी जोडलेली ठेवून ट्रॅक्टरवर वेल्डिंग केलं तर अल्टरनेटरचे डायोड जायची भीती. म्हणून पकड टेबलावर तयार करायची आणि दोन सूत पट्टीच्या क्लॅम्पनं खांबाला आवळायची. 10 मिलिमीटरचे 8.8 ग्रेडचे बोल्ट आणि नायलॉक नट आणायला पोराला घोडनदीच्या बाजारात पाठवलं. साधे बोल्ट दुकानात पडून होते, पण इथं माणसाचं वजन येणार.

बारा. दुसरे एक गिऱ्हाईक आले. त्यांना मडगार्डवर लांब दांडा हवा होता, तोडीचे मजूर बसतील तेव्हा धरायला. ते काम मी घेत नाही. दांडा दिसला की माणूस बसतो, आणि मडगार्डवरून घसरलेला माणूस मागच्या चाकाखाली जातो. राग आला त्यांना. येऊ दे.

एक वाजता डबा.

तीन वाजता बोल्ट आले. एक पकड पुढच्या खांबाला, दुसरी दाराच्या चौकटीला मागच्या अंगाला. दार पूर्ण मिटतं का, आरसा झाकला जातो का, बाही अडकते का, सगळं तपासलं. मग दोन्ही पकडींना मी स्वतः लोंबकळलो. क्लॅम्प तसूभर सरकला नाही. अंधारात दिसाव्यात म्हणून पिवळा रंग मारला. पायदानाचा पत्रा घासून गुळगुळीत झाला होता, तिथं चेकर प्लेट बसवली.

साडेपाचला रंग वाळला आणि ड्रायव्हरला पुन्हा चढवलं. "उतरताना तोंड ट्रॅक्टरकडं. दोन हात एक पाय, नाहीतर दोन पाय एक हात, कायम तीन ठिकाणी टेकलेलं पाहिजे." पहिल्यांदा सवयीनं त्यानं उडीच मारली. परत चढवला. मालक घड्याळ बघत होते, तरी मी सोडला नाही.

दोन खेपा झाल्या की बोल्ट आवळून घ्यायला ये, असं बजावून सहाला गाडी सोडली. मालकांचा दुसरा ट्रॅक्टर उद्या येतोय. त्याला केबिन नाही, नुसतं हुड आहे, आणि साइड शिफ्ट गिअर. उतरताना हात थेट गिअरच्या दांडीवर पडत असणार. ड्रायव्हरला सोबत पाठवा, असं सांगितलंय. त्याच्याशिवाय माप घेणार नाही.