शंटिंग: मालगाडी इतकी पुढे-मागे का करते?

भागाच्या सुरुवातीला तुम्ही जो ‘धडाड्-धड्-धड्-धड्’ असा लांब पळत गेलेला आवाज ऐकलात ना, तो मी नागपुरात अजनीच्या पुलावरून फोनवर रेकॉर्ड केलाय. अपघात वगैरे काही नाही. दोन वाघिणींना जोडणाऱ्या कपलरमध्ये थोडीशी ढील असते. इंजिन ओढायला लागलं की आधी पहिली वाघीण हलते, मग दुसरी, मग तिसरी, आणि तो धक्का पार शेवटच्या वाघिणीपर्यंत धावत जातो.

हो, वाघीण! मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीणच म्हणतात. टायगर कॅपिटलमध्ये राहतो आपण, जंगल सफारी न करताही रोज पन्नास वाघिणी दिसतात.

आजचा विषय शंटिंग. म्हणजे वाघिणी सुट्या करणं, या रुळावरून त्या रुळावर नेणं आणि हव्या त्या क्रमाने परत जोडणं. बघणाऱ्याला वाटतं, ड्रायव्हरचं काही ठरत नाहीये: दोनशे मीटर पुढे, दोनशे मीटर मागे. प्रत्यक्षात तिथे एक कोडं सुटत असतं, आणि मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला ते फार ओळखीचं वाटतं.

लग्नाच्या पंगतीतली ताटांची चळत आठवा. शेवटी ठेवलेलं ताट आधी उचलावं लागतं, मधलं ओढून काढता येत नाही. आम्ही याला स्टॅक म्हणतो. एका टोकाला बंद असलेला रूळ म्हणजे आडवा स्टॅक. वाघीण उचलून बाजूला ठेवता येत नाही, शेजारचीला ओव्हरटेक करता येत नाही. भरलेल्या एका बॉक्स-एन वाघिणीचं वजन ८० टनांहून जास्त असतं, राव!

आता छोटं उदाहरण घेऊ. चार वाघिणी आहेत. इंजिनाकडून मोजत गेलं तर सिमेंट, कोळसा, सिमेंट, कोळसा. सिमेंट एक नंबर लाईनवर हवंय, कोळसा दोन नंबरवर. इंजिन चारही वाघिणी ओढून सांध्याच्या पलीकडे नेतं. सांधा म्हणजे जिथे रूळ वळवून गाडीची वाट बदलता येते ती जागा. मग मागे ढकलून शेवटची कोळशाची वाघीण दोन नंबरवर सोडायची. बाकी तीन घेऊन परत पलीकडे. सांधा बदला. आता सिमेंटची एक नंबरवर ढकला. परत पलीकडे, परत सांधा, परत ढकला. चार वाघिणींसाठी चार फेऱ्या.

त्याच वाघिणी आधीपासून सिमेंट-सिमेंट-कोळसा-कोळसा अशा लागल्या असत्या तर? दोन फेऱ्यांत काम संपलं असतं. म्हणजे शंटिंगचा वेळ वाघिणी किती आहेत यावर फारसा ठरत नाही. गाडी किती ठिकाणी तोडावी लागते, यावर ठरतो. हे एक वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

कारण प्रत्येक तोडणीच्या जागी एक माणूस उभा असतो: पॉइंट्समन, जुन्या मराठीत सांधेवाला. हिरवा झेंडा हळूहळू वर-खाली हलवला की इंजिनाने त्याच्यापासून लांब जायचं, अंगासमोर आडवा हलवला की त्याच्याकडे यायचं. रात्री हेच काम हिरव्या दिव्याने होतं, हल्ली सोबतीला वॉकी-टॉकी असतो. रुळाजवळच्या बुटक्या सिग्नलवर दोन पांढरे दिवे आडवे दिसले तर थांबा, तिरके दिसले तर हळू पुढे. शंटिंगचा वेग साधारणपणे ताशी १५ किलोमीटरच्या वर न्यायचा नसतो.

मालगाडीचे आजचे कपलर एकमेकांवर टेकले की आपोआप अडकतात, आणि सोडवायचा दांडा बाजूला असतो. पण एअर ब्रेकचे रबरी पाइप? ते हातानेच जोडायचे आणि हातानेच सोडवायचे. त्यासाठी दोन वाघिणींच्या मध्ये शिरावंच लागतं. मग सुटी झालेली वाघीण घरंगळू नये म्हणून हँडब्रेक लावायचा, चाकाखाली लाकडी ठोकळा घालायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारच्या बरौनी जंक्शनवर इंजिन आणि डब्याच्या मध्ये सापडून एका पॉइंट्समनचा जीव गेला. ती प्रवासी गाडी होती, पण काम हेच: दोन वस्तूंच्या मध्ये उभं राहून त्यांना वेगळं करणं.

थोडक्यात, प्रत्येक तोडणीला वेळ लागतो आणि जोखीम असते. रेल्वेने यावर काय उपाय काढला? तोडायचंच नाही! १९८० च्या दशकात रेल्वेचा भर अख्ख्या रेकवर गेला. रेक म्हणजे एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी जाणारी पूर्ण मालगाडी. कोराडीच्या वीज केंद्राला कोळसा जातो तेव्हा ५८-५९ वाघिणी एकदमच जातात. वाटेत एकही तोडणी नाही. हिशेब एकदम चोख.

पण काटोलच्या शेतकऱ्याकडे एक ट्रक संत्री असतात, अख्खी मालगाडी भरेल इतकी नसतात. एक-दोन वाघिणींचा ग्राहक हळूहळू रस्त्यावर गेला. १९५१ च्या सुमारास देशातली ८० टक्क्यांहून जास्त मालवाहतूक रेल्वेने व्हायची, आता ती ३० टक्क्यांच्या आसपास आलीय. याला बाकीही कारणं आहेत, पण हे त्यातलं एक मोठं. हायवेवर आपल्यापुढे ट्रकची रांग का असते, त्याचं थोडं उत्तर शंटिंग यार्डात आहे.

आपल्या भागातल्या छोट्या गाडीला तर आणखी एक अडचण होती. इतवारीहून छिंदवाडा आणि नागभीडला जाणारे रूळ ७६२ मिलिमीटर रुंदीचे, आणि मोठी लाईन १६७६ मिलिमीटरची. तिथे कितीही शंटिंग करा, छोटी वाघीण मोठ्या रुळावर चढणारच नाही. माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागणार. छिंदवाड्याची छोटी लाईन २०१५ मध्ये बंद झाली, नागभीडची २०१९ मध्ये. ते रूळ आणि इंजिनं कशी होती हे बघायचं असेल तर मोतीबागचं नॅरोगेज म्युझियम आहे, २००२ पासून.

आणि चालू शंटिंग बघायचं असेल तर पुलावरून किंवा प्लॅटफॉर्मवरून बघा. यार्डात शिरू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पण ते सोडा. उभ्या वाघिणीवर चढून रील काढणाऱ्यांच्या डोक्यावर २५,००० व्होल्टची तार असते, आणि शॉक बसायला तिला हात लावायचीही गरज नसते. नुसतं जवळ जाणं पुरतं. शिवाय ‘उभी’ वाघीण कधी हलेल हे फक्त झेंडेवाल्याला माहीत असतं.

पुढच्या वेळी फाटकात अडकलात आणि मालगाडी उलटी जाताना दिसली, तर हॉर्न वाजवण्याआधी तोडण्या मोजा. झेंडा घेतलेला माणूस कुठे उभा आहे तेही शोधा. चला, भेटू पुढच्या भागात!