आकडा वाढला, मग माग बंद का?



२०२१च्या जून महिन्यात शहापूरचे एक यंत्रमागधारक माझ्या दवाखान्यात आले. तक्रार झोप न लागण्याची. तपासणी झाल्यावर त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्र काढले. "डॉक्टर, देशाचं औद्योगिक उत्पादन एकशे चौतीस टक्क्यांनी वाढलं म्हणे. मग माझे आठ माग बंद कसे?" प्रश्न माझ्या शास्त्राचा नव्हता, पण तो मनातून जाईना. त्याचे जे उत्तर मला सापडले, ते आपल्यापुढे मांडतो.

कापड मीटरवर मोजतात, साखर टनावर, वीज युनिटवर. यांची बेरीज कशी करणार? म्हणून एक पायाभूत वर्ष धरून त्या वर्षीचे प्रत्येक वस्तूचे उत्पादन १०० मानतात आणि पुढचे उत्पादन त्याच्याशी ताडून पाहतात. समजा, कापड १२० झाले आणि साखर ९०. साधी सरासरी १०५ येईल. पण सगळे उद्योग सारख्या वजनाचे नसतात. कापडाला ३ आणि साखरेला १ असा भार दिला, तर निर्देशांक ११२.५ होतो. कच्च्या मालाच्या किमतीत त्या उद्योगाने पायाभूत वर्षी किती मूल्याची भर घातली, त्यावरून हा भार ठरतो.

आपल्याकडे केंद्राचे सांख्यिकी मंत्रालय हा निर्देशांक दरमहा काढते. २०११-१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेत कारखानदारीला ७७.६३, खाणींना १४.३७ आणि विजेला ७.९९ टक्के भार आहे. काळाप्रमाणे वस्तू बदलतात, म्हणून पायाही बदलावा लागतो. ही मालिका २०१७ साली आली, तेव्हा कॅल्क्युलेटर आणि रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूब यादीतून गळाल्या.

आता त्या १३४ टक्क्यांकडे वळू. एप्रिल २०१९मध्ये निर्देशांक १२६.५ होता. टाळेबंदीमुळे एप्रिल २०२०मध्ये तो ५४ वर आला. एप्रिल २०२१चा पहिला अंदाज होता १२६.६. म्हणजे दोन वर्षांत आपण होतो तिथेच परत आलो. साठ किलोचा माणूस आजारपणात चाळीस किलोवर आला आणि पुन्हा साठ झाला, तर 'पन्नास टक्के वजन वाढले' म्हणून कोणी पेढे वाटत नाही. मंत्रालयाने स्वतः वाढीचा दर जाहीर केला नव्हता आणि ही तुलना जपून करा, असेही सांगितले होते. टक्केवारी वर्तमानपत्रांनी काढली.

आणखी दोन गोष्टी होत्या. आकडा जूनमध्ये छापला गेला, पण तो एप्रिलचा होता. आपल्याकडची टाळेबंदी कडक झाली ती मे महिन्यात. शिवाय ही माहिती निवडक नोंदणीकृत कारखान्यांकडून येते. घराच्या मागच्या शेडमध्ये दोन-तीन माणसांवर चालणारे आठ माग त्यात येतच नाहीत. ते चालले काय, थांबले काय, निर्देशांकाला पत्ता लागत नाही.

हे ऐकून ते म्हणाले, "म्हणजे पेपरही खोटा नाही आणि मीही खोटा नाही." मला वाटते, दोघेही खरे, पण मोजला गेला तो एकच. सरकारची धोरणे मोजलेल्याच्या आधारे ठरतात. म्हणून शहापूर, वडगाव, खासबागेत दर महिन्याला किती माग चालू आहेत, हे आपणच कुणीतरी वहीत लिहून ठेवायला हवे. गाऱ्हाणे मांडताना हातात आकडा असलेला बरा.