जुनें रिव्हॉल्व्हर : परीक्षा, दुरुस्ती व खरेदी

जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या गृहस्थाकडे तरवारी, कट्यारी व ढाली यांबरोबर केव्हां ना केव्हां एखादें जुनें रिव्हॉल्व्हरही विक्रीस येतें. पोथी घ्यावी कीं न घ्यावी हें ठरविण्याचे आडाखे आपल्या लोकांस पाठ आहेत. या शस्त्राच्या बाबतींत मात्र चांगल्या जाणत्यांचीही फसगत होते. असा एक प्रसंग नुकताच आमच्यावर आला. त्या निमित्तानें जो विचार करावा लागला तो इतर संग्राहकांच्या उपयोगीं पडेल अशा समजुतीनें येथें मांडतों.

एका परिचित घराण्यांतील तरुण गृहस्थांनीं आम्हांस घरीं बोलावून पणजोबांच्या पेटींतील एक रिव्हॉल्व्हर व त्यासोबतचे कागद दाखविले. "हें सत्तावन सालचें आहे. घोडा पडत नाहीं एवढाच दोष. कारागिराकडून दुरुस्त करून देतों, आपण संग्रहास घ्या," असें त्यांचें म्हणणें. यांत तीन प्रश्न आहेत : वस्तु खरोखर कोणती आहे, ती दुरुस्त करावी काय, आणि ती घेण्याचा आपणांस अधिकार आहे काय. बहुतेक संग्राहक पहिल्या प्रश्नाशींच थांबतात. आमच्या मतें निर्णय तिसऱ्यावर होतो, व तिसऱ्याचें उत्तर दुसऱ्यांत दडलेलें असतें.

प्रथम वस्तूची ओळख. इ. स. १८५७ च्या सुमारास इंग्रज अधिकाऱ्यांजवळ कोल्ट, ॲडम्स इत्यादि बनावटींचीं रिव्हॉल्व्हरें असत. त्यांच्या फिरत्या चक्रांतील प्रत्येक घरांत पुढच्या बाजूनें दारू व गोळी भरावयाची आणि मागील चुचीवर तांब्याची लहानशी टोपी बसवावयाची, अशी रीत होती. आमच्यासमोरचें शस्त्र निराळ्या जातीचें होतें. त्याच्या डोक्यावरील रिकिबीसारखी खीळ अंगठ्यानें मागें सारली कीं नळी पुढील बिजागरीवर खालीं कलते, आणि चक्राच्या मध्यावरील तारा वर येऊन सहाही काडतुसें एकदम उचलून टाकतो. ही बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याची बनावट होय. ब्रिटिश सैन्यानें तिचा पहिला नमुना १८८७ सालीं स्वीकारला. त्यानंतर क्रमानें सुधारलेले नमुने निघून सहावा, म्हणजे.४५५ मापाचा व सहा इंची नळीचा, १९१५ सालीं आला. १९२१ पर्यंत तो वेब्लीकडे व पुढें १९२६ पर्यंत एनफील्डच्या सरकारी कारखान्यांत तयार होत होता. प्रस्तुत शस्त्रावर वेब्लीचें नांव, सहाव्या नमुन्याचा निर्देश आणि १९१७ हें वर्ष स्पष्ट होतें. अर्थात् घराण्यांतील आख्यायिका साठ वर्षांनीं मागें गेलेली होती. हें सांगतांना त्या गृहस्थांचा चेहरा उतरला. परंतु पुराव्यापुढें इलाज नाहीं.

पोथीस जशी पुष्पिका तशा शस्त्रास खुणा. नमुन्याचा अंक व वर्ष यांखेरीज ब्रिटिश सरकारची मालकी दाखविणारा बाण पाहावा. असे दोन बाण टोकास टोक लावून उमटविले असतील तर तें शस्त्र सरकारी नोकरींतून रीतसर विकलें गेलें असें समजावें. ज्यांवर सरकारी बाण नाहीं तीं सर्व बनावट असें मात्र मानूं नये. इंग्रज अधिकारी आपलीं रिव्हॉल्व्हरें पुष्कळदां स्वतःच्या पैशानें विकत घेत. शेवटीं चौकटीवरील अनुक्रमांक चक्रावरील अंकाशीं ताडून पाहावा. आमच्यासमोरच्या शस्त्रांत हे दोन अंक जुळत नव्हते. दोन पोथ्यांचीं पानें एका बासनांत बांधलीं जावींत तसा हा प्रकार. चक्र दुसऱ्या कोणत्या तरी शस्त्राचें होतें.

आतां यंत्राची परीक्षा. चक्राचीं सहाही घरें रिकामीं आहेत हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये, आणि काडतूस घालून पाहण्याचा मोह तर मुळींच धरूं नये. नंतर चार गोष्टी पाहाव्या. एक, वरची खीळ व पुढील बिजागरी घट्ट आहेत कीं नळी हलते. कारण बार उडतांना सर्व जोर या दोन जागांवर येतो. दोन, घोडा चढवितांना पावल चक्रास एक घर फिरवितें व चाप तें तेथेंच अडवितो. तें घर नळीच्या तोंडाशीं तंतोतंत न आलें तर गोळी कडेस घासते व शिशाचे कण बाजूस उडतात. तीन, नळींतील पीळ उजेडाकडे धरून पाहावा. गंजानें पडलेले खड्डे कोणत्याही तेलानें भरून येत नाहींत. चार, चक्राची मागील बाजू तासलेली आहे काय तें पाहावें. अमेरिकेंत विकलेल्या पुष्कळ वेब्लींचीं चक्रें तेथील .४५ चें सैनिकी काडतूस बसावें म्हणून मागून तासलेलीं आहेत. त्या काडतुसाचा दाब मूळच्या .४५५ पेक्षां बराच अधिक असल्यामुळें असें शस्त्र उडविणें धोक्याचें असतें. शिवाय त्याचें मूळ रूपही कायमचें गेलेलें असतें.

प्रस्तुत शस्त्राची खीळ घट्ट होती व चक्राची मागील बाजू अखंड होती. परंतु नळींत खड्डे पडले होते आणि घोड्यास रेटणारी दुबेळकी पोलादी कमान तुटली होती. "एवढाच दोष" तो हाच. अशी कमान आज मिळवावयाची तर दुसऱ्या शस्त्राची काढावी लागेल किंवा हातानें घडवून, कानशीनें घासून बसवावी लागेल. म्हणजे परक्या चक्राबरोबर परकी कमानही आली. मग त्यावर चकाकी आणण्यासाठीं कारागीर तें घासणार, आणि ज्या खुणांवरून आपण वर्ष वाचलें त्या बुजणार.

याविषयीं आमचाच एक अपराध सांगितला पाहिजे. तरुणपणीं एका पोथीच्या शेवटच्या पानावरील पुसट अक्षरें आम्हीं मोठ्या भक्तीनें नव्या शाईनें गिरविलीं. शकाचा एक अंक नीट लागत नव्हता. तो आम्हांस जसा वाटला तसा उमटविला. पुढें त्याच शकाविषयीं शंका निघाली तेव्हां मूळचा अंक कोणता होता हें पाहावयास जागाच उरली नव्हती. तेव्हांपासून आमचा नियम असा कीं, नाश थांबविण्यापुरती दुरुस्ती ती रक्षा, आणि वस्तु पुन्हां चालती करण्यासाठीं केलेली दुरुस्ती हें नवें लेखन. शस्त्रास सौम्य तेलाचा हात, कोरडी जागा व मऊ कापड एवढें पुरें.

हा झाला संशोधकाचा विचार. कायद्याचा विचार याहून कडक आहे. १८७८ चा जुना शस्त्रांचा कायदा जाऊन १९५९ चा अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आला. त्याच्या ४५ व्या कलमांत जुन्या पद्धतीचीं, पुराणवस्तु म्हणून मोलाचीं अगर मोडकीं शस्त्रें वगळलेलीं आहेत. पुष्कळ संग्राहक एवढेंच वाचतात व निश्चिंत होतात. परंतु त्याच वाक्यांत पुढें अट आहे : दुरुस्ती करून अथवा न करतां, कोणत्याही रीतीनें, तें बंदूक म्हणून वापरतां येण्याजोगें नसावें. सगळा भार या अटीवर आहे. कमान तुटल्यामुळें जें आज उडत नाहीं पण नवी कमान घातल्यास उडेल, तें या सवलतींत बसत नाहीं. मोडकें असूनही कायद्याच्या दृष्टीनें तें शस्त्रच. त्यास ३ ऱ्या कलमाप्रमाणें परवाना हवा. व्यवसाय म्हणून शस्त्रें दुरुस्त करण्यासही ५ व्या कलमाचा परवाना लागतो. आळींतल्या लोहाराकडे तें टाकतां येत नाहीं. शिवाय .४५५ हें सैनिकी माप असल्यामुळें सामान्य नागरिकाच्या परवान्यांत तें बसत नाहीं.

.३२ मापाची गोष्ट निराळी. त्या मापाचें जुनें वेब्ली परवानाधारकास रीतसर घेतां येतें, आणि कानपूरच्या सरकारी कारखान्यांतील .३२ चें रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच चौथ्या नमुन्यावरून बेतलेलें असल्यामुळें परवानाधारक कारागिरांस त्याची रचना परिचित असते. तेथें वरील चार परीक्षा करून व्यवहार करावा. आमच्यासमोरच्या शस्त्रास ती वाट नव्हती.

त्या तरुण गृहस्थांस आम्हीं स्पष्ट सांगितलें कीं, प्रश्न विक्रीचा राहिलेला नाहीं. परवाना पणजोबांच्या नांवें होता, तो त्यांच्याबरोबर संपला. त्यापुढें शस्त्र घरांत ठेवणें हाच गुन्हा, व त्यास तुरुंगवासाची शिक्षा आहे. २१ व्या कलमाप्रमाणें असें शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचें असतें. ते घाबरले. आजी म्हणाल्या, "मास्तर, ही त्यांची आठवण आहे हो." आम्हांसही वाईट वाटलें; कारण वस्तु मनांत भरली होती. परंतु वकिलाचा सल्ला घेऊन त्यांनीं तें जमा केलें व पावती घेतली.

तत्पूर्वीं आम्हीं त्यांच्याच घरीं बसून सर्व खुणांचीं व दोन्ही अनुक्रमांकांचीं छायाचित्रें घेतलीं आणि सोबतचे कागद वाचले. त्यांत जुन्या कायद्याखालील परवाना निघाला. त्यावर शस्त्राचें माप व अनुक्रमांक लिहिलेला आहे, आणि तो अंक चौकटीवरील अंकाशीं जुळतो. म्हणजे चौकट त्या घराण्यांतील खरी. सत्तावन सालची नसली तरी पणजोबांची निश्चित. आजींस आम्हीं तो अंक वाचून दाखविला. मूळ परवाना त्यांनीं घरींच ठेवला, आणि त्याची नक्कल छायाचित्रांसह आमच्या दप्तरांत आली.

म्हणून संग्राहकांस एवढेंच सुचवावयाचें कीं, असें शस्त्र समोर आल्यास प्रथम मालकाचा परवाना मागावा, नंतर अंक उतरून घ्यावा, आणि किंमतीची व दुरुस्तीची गोष्ट सर्वांत शेवटीं काढावी. शस्त्र सोडून द्यावें लागलें तरी त्याबरोबरचे कागद रद्दींत जाऊं देऊं नयेत.